माझ्या आधी पोचलेली

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. कॉपी करणारं पोर मला पाठीमागूनही ओळखू यायचं; त्याची मान जरा जास्तच सरळ असते. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर, परक्या गावात, एका बाईनं मला इतके महिने फसवलं आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही, याचा मला अजून राग येतो. त्या बाईचं मी भलंच चिंतते, हे इथेच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, म्हातारी कृतघ्न आहे. कृतघ्न मी नाही. चिडलेली आहे.

यजमान गेल्यावर सांगलीचं घर विकून मी मुलाकडे चेन्नईला आले. मुलगा आणि सून दोघंही आयटीत. पेरुंगुडीतल्या आमच्या गॅलरीतून त्यांची ऑफिसं दिसतात, आणि तरी अंधार पडल्याशिवाय दोघांपैकी एकही घरी उगवत नसे. दिवसभर मी, टीव्ही आणि समोरच्या रस्त्यावरच्या बसचे हॉर्न. कामवाली यायची, ती माझ्याशी तमिळमध्ये बोलायची, मी तिच्याशी मराठीत. दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि आपापल्या कामाला लागायचो. असं हसून हसून माझे गाल दुखायला लागले होते.

सुनेनं फार मागे लागून मला ज्येष्ठांच्या केंद्रात धाडलं. आमच्या सोसायटीपासून चालत जाण्याइतकं जवळ, एका जुन्या मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर ते चालतं. मी नाक मुरडतच गेले. मला वाटलं, टाळ्या वाजवायला लावतील आणि लहान मुलांसारखं ‘छान, छान’ म्हणतील. तसं करणारे एकदोघे होतेही. पण बाकीचे स्वयंसेवक बघून माझं तोंड बंद झालं. निवृत्त झालेले एक बँकेतले गृहस्थ रोज येऊन सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजत, आणि एरवी सगळ्यांशी क्रिकेटवरून भांडत, पण ज्याचं वाढलेलं असेल त्याच्याशी मुद्दाम भांडत नसत. कॉलेजच्या दोन मुली म्हाताऱ्यांच्या पायाची नखं कापत. पायाची नखं! पोटच्या मुलांनाही सांगायला लाज वाटते असं काम त्या गप्पा मारत मारत करून टाकायच्या. कुणी पेपर वाचून दाखवायचं, कुणी मोबाईल शिकवायचं. कुणालाही त्याचा पगार नव्हता.

आणि ती होती. पन्नाशीतली, ठेंगणी, केसांत रोज मोगऱ्याचा गजरा. तंजावरकडच्या मराठी घरातली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण कशी, तर आपण जुन्या कागदपत्रांतच वाचलेले शब्द, मध्येच तमिळ, आणि वाक्याचा शेवट असा वर चढवून ठेवलेला की आपल्याला वाटावं अजून काहीतरी यायचंय. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर फुगून बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली.

“अक्का, तुम्ही मराठी की? मग असं कां बसलां? काफी घेतां?”

मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिचं मराठी सुधारायला घेतलं. ‘काफी’ नव्हे, ‘कॉफी’. ‘बसलां’ नव्हे, ‘बसलात’. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सेरी अक्का. तुम्ही माझं मराठी नीट करा, मी तुम्हांस तमिळ शिकवतें. बराबर जालं.” त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली.

हे शिकणं आधी गंमत म्हणून होतं. मग ते गळ्याशी आलं, कारण मुलाची जर्मनीला बदली ठरली. काही वर्षांसाठी दोघंही जाणार. माझं काय करायचं, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर रोज वाढला जायला लागला. मला तिकडे न्यायचं तर थंडी आणि माझे गुडघे. सांगलीत आता माझं घर नाही. मुलानं तांबरमच्या पुढची एक जागा बघून ठेवली होती, ज्येष्ठांसाठी बांधलेली. नर्स, बाग, वेळेवर जेवण. त्याच्या मोबाईलवरचे फोटो त्यानं मला दाखवले. प्रत्येक फोटोत एक म्हातारी बाकावर बसून दात दाखवत होती.

“मी इथेच राहते की,” मी म्हटलं. “हे घर काय वाईट आहे?”

“आई, एकटी? तुला भाषा येत नाही. नळ बिघडला तर कुणाला सांगशील? औषध संपलं तर?”

“शिकतेय ना मी.”

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. माझा पाराच चढला. दोन खोल्या, स्वतःचा चहा स्वतःच्या वेळेला, दाराची किल्ली आपल्या कमरेला. मला याहून जास्त काही नको होतं, आणि याहून कमी चालणार नव्हतं. एकदा मुळं उपटून मी इथे आले होते. पुन्हा कुणी मला उचलून तिसरीकडे ठेवावं, हे मला मान्य नव्हतं. शेवटी मुलगा म्हणाला, तिकीट काढायच्या आधी बघू, तुला बाहेरचं सगळं एकटीनं जमतं का. जमलं तर राहा. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं डोळे मोठे केले, मग गजरा नीट केला आणि म्हणाली, “असों द्या. आपण करूं.”

तिची शिकवायची पद्धत माझ्या शाळेला लाजवणारी होती. व्याकरण नाही, पाठांतर नाही. रोज दुपारी ती विचारायची, “अक्का, उद्यां काय काय कामं?” मी सांगायची: भाजी, गुडघ्याचं मलम, पोस्ट. मग आम्ही दोघी ते नाटकासारखं करून बघायचो. ती भाजीवाली व्हायची, मी गिऱ्हाईक. ती केमिस्ट, मी गुडघा. तिचं मराठी आणि तमिळ एकमेकांत इतकं कालवलेलं की कुठलं वाक्य कुठल्या भाषेतलं, हे मला कधीकधी कळायचं नाही. मी विचारलं तर म्हणायची, “तसंच बोला अक्का, समजतें त्यांना.”

आणि खरंच समजायचं की! सोसायटीच्या कोपऱ्यावर हातगाडी लावणारी भाजीवाली मला बघितल्याबरोबर “वांग पाट्टी” म्हणायची. या आजी, या. मी माझी वाक्यं म्हणायची. ती “सेरी पाट्टी, सेरी पाट्टी”, बरं आजी, बरं आजी, करत अचूक हवं ते पिशवीत टाकायची. मी तिला सांगलीच्या वांग्यांबद्दल सांगितलं, कृष्णेच्या पुराबद्दल सांगितलं, माझ्या यजमानांच्या शेवटच्या आजाराबद्दलही सांगितलं. ती मान हलवायची. एकदा तर तिनं डोळ्याला पदर लावला. केमिस्ट मी तोंड उघडायच्या आत मलम काढून ठेवायचा. पोस्टातली मुलगी मला खुर्ची द्यायची. घरी येऊन मी हे मुलाला रंगवून सांगायची, आणि तो “अरे वा” म्हणायचा.

मग मुलगा आणि सून घर बघायला जर्मनीला जाऊन आले. तेवढे दिवस मी एकटी होते. हीच परीक्षा. नेमका गिझर गळायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लंबरला स्वतः फोन केला. आदल्या दुपारीच तिच्याबरोबर ‘गिझर गळतोय’चं नाटक झालेलं होतं, ते जसंच्या तसं म्हटलं. पलीकडून नुसतं “हां, हां” आलं. तासाभरात माणूस दारात उभा, हातात पाना, आणि काही न विचारता सरळ बाथरूममध्ये. मुलगा परत आल्यावर त्यानं आधी गिझर बघितला आणि मग मला मिठी मारली. तांबरमचे फोटो त्यानं पुन्हा कधी काढले नाहीत. त्यांची तिकिटं काढली गेली आणि मी इथे राहणार हे ठरलं.

मी त्या दिवसांत इतकी खुशीत होते की विचारायची सोय नाही. केंद्रातल्या इतर बायका माझ्याकडे बघून हसायच्या, मला वाटायचं कौतुकानं हसतायत. सांगलीच्या मैत्रिणींना मी फोनवर तमिळ बोलून दाखवलं. त्या बिचाऱ्या काय बोलणार? त्यांनी तोंडभरून कौतुक केलं.

केंद्रात दरवर्षी स्वयंसेवकांचा सत्कार होतो. एरवी ते आमचं करतात, त्या दिवशी आम्ही त्यांचं करायचं. शाल पांघरायची, इथे तिला मोठा मान आहे, आणि दोन शब्द बोलायचे. त्या वर्षी केंद्रप्रमुख बाईंनी तिचा सत्कार माझ्याकडे दिला. “आणि पाट्टी, तमिळमध्ये हं,” त्या इंग्रजीतून म्हणाल्या. मी मोठ्या दिमाखात मान डोलावली.

शाल केंद्र देणारच होतं. पण मला तिच्यासाठी माझ्या हातानं काहीतरी घ्यायचं होतं. एखादी सुती साडी, कांचीकाठाची, तिला शोभेल अशी. हे गुपित ठेवायचं होतं, म्हणून त्या दुपारी तिनं “उद्यां काय कामं?” विचारलं तेव्हा मी म्हटलं, काही नाही, विश्रांती. आणि दुसऱ्या दिवशी बस बदलून एकटी तांबरमला गेले. तिथे साड्यांची मोठी दुकानं आहेत असं ऐकलं होतं. मला वाटलं, मी तमिळ शिकले तेही तिला यातून कळेल. तिची विद्यार्थिनी स्वतः जाऊन साडी घेऊन आली, याहून मोठी गुरुदक्षिणा कुठली?

दुकानात गेले, खुर्चीवर बसले आणि काउंटरवरच्या मुलीला मी माझं वाक्य म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. तिनं शेजारणीला बोलावलं. मी शेजारणीला म्हटलं. शेजारण म्हणाली, “कन्नडा?” पहिली म्हणाली, “इल्ले, तेलुगु.” आतून एक पोक्त माणूस आला, त्यानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात जोडून विचारलं, “मदर, हिंदी मालूम?”

मी तमिळच बोलतेय, हे मी त्याला तमिळमध्ये सांगितलं. तेही त्याला कळलं नाही. भोवती चारपाच जण जमले. मी कुठली भाषा बोलतेय यावर त्यांच्यात चर्चा सुरू झाली, अगदी प्रेमानं, आणि कुणीतरी मला पाणी आणून दिलं. पाणी मी तसंच काउंटरवर ठेवलं. साडी न घेता मी उठले. बसमध्ये कंडक्टरला पेरुंगुडी म्हटलं, तेवढं मात्र त्याला कळलं. ते गावाचं नाव होतं.

घरी येऊन मी गॅलरीत बसले. तांबरमची माणसं वेगळं तमिळ बोलत असतील, अशी मी आधी स्वतःची समजूत घातली. एकाच शहरात? मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकीची असली, की मला वर्गात कधी चैन पडायचं नाही.

दुसऱ्या दुपारी तिच्यासमोर मी उद्याचं नाटक केलं: शेवग्याच्या शेंगा आणि एक नारळ. सकाळी हातगाडीवर गेले. “वांग पाट्टी.” मी हसले, नेहमीच्या सुरात मान वाकडी केली आणि अस्सल सांगलीच्या मराठीत म्हटलं, “आज मला एक हत्ती दे बाई. सोंड कोवळी बघून दे.”

“सेरी पाट्टी,” ती म्हणाली, आणि तिनं माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा आणि नारळ टाकला.

मी तिथेच उभी राहिले. मी पिशवीतल्या शेंगांकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, मग हात हवेत फिरवून विचारलं: तुला कसं कळलं? ती निर्मळपणे हसली. तिनं कमरेचा मोबाईल काढला, वर धरला आणि म्हणाली, “अक्का सोन्नांग.” अक्कांनी सांगितलं. अक्का म्हणजे माझी शिकवणीवाली. तमिळ बोलणाऱ्या माणसाचं वाक्य मला पहिल्यांदा पूर्ण समजलं ते हे.

सगळंच लख्ख कळलं. रोजची नाटकं कशासाठी होती. केमिस्टकडे मलम आधीच का काढलेलं असायचं, प्लंबर बाथरूम कुठे आहे हे न विचारता आत कसा गेला. मी घराबाहेर पाऊल टाकायच्या आत तिचा फोन तिथे पोचलेला असायचा. आणि मी यजमानांच्या आजाराबद्दल जे सांगितलं, कुणालाही न सांगितलेलं, ते या बाईला एक अक्षर समजलं नव्हतं. तिनं पदर डोळ्याला लावला तो माझ्या चेहऱ्याकडे बघून, की डोळ्यात काही गेलं म्हणून, कुणास ठाऊक. याचं मला सगळ्यात जास्त लागलं. शेंगा मी घरी नेल्या नाहीत. त्याच गाडीवर ठेवून आले.

मी तशीच केंद्रात गेले. ती मागच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या सुंडलसाठी, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीसाठी, नारळ खवत होती. मी विचारलं, “भाजीवालीला तू फोन करतेस?”

खवणीवरचा तिचा हात थांबला. “कोण म्हणालें?”

“करतेस की नाही?”

“करतें अक्का.”

“केमिस्टला? पोस्टात? प्लंबरला?”

“करतें.” ती उठून उभी राहिली. “इकडे आम्ही सगळ्यांसाठींच करतों. त्या काठीवाल्या म्हाताऱ्या अय्यांसाठीं दवाखान्यांत करतों, उभं राहायला नको म्हणून. चूक काय आहे त्यांत?”

“त्यांना माहीत आहे ते. मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही गेलां असतां?”

“नसते गेले! पण मग मला कळलं असतं ना, मला जमतं की नाही ते. मी नापास झाले असते तर झाले असते. तू माझा पेपर लिहिलास आणि वर माझ्याच हातात बक्षीस दिलंस.”

“तुम्हांस ह्या घरीं राहायचं होतं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. “मला पण तुम्ही राहायला पाहिजे होतां. माझ्याशीं मराठी बोलायला आतां कोण आहे? आई होती, ती गेली. पोरं तमिळ बोलतात. तुम्ही तांबरमला गेलां असतां तर मी काय केलं असतं?”

यावर मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसत होतं की केंद्रातल्या सगळ्या बायका दाराशी येऊन उभ्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीलाही आश्चर्य वाटलेलं नाही. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तमिळवर त्या इतके दिवस हसत होत्या ते कौतुकानं नव्हे. किंवा कौतुकानंच, पण आपण रांगत्या पोराचं करतो तसल्या.

मुलाला सांगायचं मी त्याच दिवशी ठरवलं. बक्षीस परत करायचं, मग तांबरम तर तांबरम. तो घरी आल्यावर मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. सगळं सांगितलं. मला तमिळ येत नाही. गिझर मी दुरुस्त करून घेतला नाही. ज्या परीक्षेवर तू मला इथे ठेवतोयस ती खोटी होती.

तो दाराशी तसाच उभा होता. एक बूट काढलेला, एक पायात.

“मला माहीत आहे, आई.”

“काय माहीत आहे?”

“तिनं मला आधीच सांगितलं होतं. आम्ही जर्मनीला गेलो त्याच्याही आधी. ऑफिसात येऊन भेटली.” त्यानं दुसरा बूट काढला, नीट जोडून ठेवला. माझ्याकडे बघायला नको म्हणून. “आई, तुला भाषा येते म्हणून मी हो म्हटलं नाही. ती आहे म्हणून हो म्हटलं. तू कुठेही गेलीस तरी तुझ्या आधी ती तिथे पोचलेली असेल, एवढ्यावर मी निश्चिंत जातोय.”

“आणि मला मिठी मारलीस ती?”

तो मोजे काढायला खाली वाकला. सून स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली, म्हणजे तिलाही माहीत होतं. एका भाजीवालीपासून पोटच्या पोरापर्यंत सगळ्यांनी मिळून मला स्वावलंबी केलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही. रुसून जेवण सोडायचं माझं वय नाही, तरी सोडलं.

आठवडाभर मी केंद्रात गेले नाही. भाजी सुनेनं आणली. मला खरं काय हवं होतं याचा मी खूप विचार केला. घर हवं होतं, ते मिळालं होतं. पण त्याची किल्ली माझ्या कमरेला नव्हती, तिच्या फोनमध्ये होती. तांबरमच्या बाकावरची दात दाखवणारी म्हातारी निदान आपण कुठे बसलोय हे ओळखून होती. मी इथेच राहून तीच झाले होते, आणि मला वाटत होतं मी जिंकले.

सत्काराच्या दिवशी केंद्रप्रमुख बाईंनी स्वतः येऊन मला नेलं. हॉल भरलेला होता. रांगोळ्या, केळीचे खुंट, सुंडलचा वास. मुलगाही आला होता, मागे उभा. नखं कापणाऱ्या मुलींचा सत्कार झाला, ब्लडप्रेशरवाल्यांचा झाला. त्यांना मी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. मग तिचं नाव पुकारलं. ती नवी साडी नेसून खुर्चीवर बसली, मांडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता. मी माईक हातात घेतला. सगळे माझ्या तमिळची वाट बघत होते, टाळ्यांसाठी हात तयार ठेवून.

मी मराठीत बोलायला सुरुवात केली. हॉलमध्ये चुळबुळ झाली. केंद्रप्रमुख बाईंनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग मराठी आणि तमिळ दोन्ही येणारं तिथे दुसरं कोण होतं? त्यांनी तिलाच खूण केली. ती खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, भाषांतर करायला.

मी तिच्यासाठी थांबत थांबत बोलले. म्हटलं, “ह्या बाईमुळे मी माझ्या घरात राहणार आहे. माझ्या मुलानं केलं नसतं इतकं हिनं माझ्यासाठी केलं, तेही कुणी न सांगता, न मागता. रोज.” तिनं तमिळमध्ये सांगितलं. टाळ्या झाल्या. मी म्हटलं, “आणि ही माझ्याशी खोटं बोलली. रोज. मला येत नसलेली भाषा येते असं हिनं मला दाखवलं. तुम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. मी तिचे आभार मानायला उभी आहे आणि मी तिला क्षमा केलेली नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही सांग.”

तिनं पदर सावरला. मग बोलायला लागली. ‘खोटं’ला तमिळमध्ये ‘पोय’ म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. भाजीवाली शेजारच्या फुलवालीच्या अंगावर दिवसातून दहादा तो शब्द फेकायची. तो ओळखायला मला कुणाच्या फोनची गरज नव्हती. मी कान लावून उभी राहिले. ती बरंच बोलली, हात हलवून, एकदा माझ्या खांद्याला स्पर्श करून. अम्मा आलं, वीडु आलं, म्हणजे घर. नन्री आलं, म्हणजे आभार. पोय आलं नाही. तिचं बोलणं संपलं, हॉलमध्ये हशा झाला आणि कितीतरी वेळ टाळ्या वाजत राहिल्या. मागे माझा मुलगाही वाजवत होता. त्याला मराठी येतं.

केंद्रप्रमुख बाईंनी माझ्या हातात शाल दिली. मी ती तिच्या खांद्यांवर पांघरली. फोटोसाठी आम्हाला जवळ उभं केलं, तेव्हा मी तिच्या कानाशी विचारलं, “सगळं सांगितलंस?”

“सगळं सांगितलं, अक्का,” ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली.

मीही कॅमेऱ्याकडे बघितलं. मुलाचं विमान शनिवारी होतं. सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, आणि तिथे तिचा फोन जाऊन पोचलेला होता.